चरित्र-आत्मचरित्र वाचन उपक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचा चरित्रवाचन उपक्रम २४ डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीला सुरू होतो आणि ११ जूनला, त्यांच्या पुण्यतिथीला संपतो. साडेपाच महिन्यांत सहा पुस्तकं वाचायची. देवघेवीच्या टेबलावर मी बसतो, म्हणून शंका बहुतेक माझ्याकडेच येतात. काही पुस्तक बदलताना विचारल्या जातात, काही व्हॉट्सॲपवर, काही बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशव्या हातात असताना. त्याच त्या शंका दरवर्षी येतात, म्हणून इथे एकत्र केल्या आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. यात नेमकं करायचं काय?

सहा खाने आहेत. प्रत्येक खान्यात एक पुस्तक वाचायचं आणि नोंदवहीत त्याबद्दल एक पान लिहायचं. खाने असे : खान्देशाशी नातं असलेलं एक; बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक; आपल्यापेक्षा वेगळ्या समाजातल्या माणसाचं एक; अनुवादित एक; आधी वाचलेल्या एखाद्या आयुष्याकडे दुसऱ्या बाजूनं बघणारं एक; आणि शेवटचं तुमच्या मनाचं. क्रम कोणताही चालतो. वाचनालयाचा सभासद असणं पुरेसं आहे, वेगळी फी नाही.

पहिला-दुसरा नंबर आम्ही काढत नाही. सुरुवातीच्या वर्षी पानं मोजली होती. तेव्हा मुलं बारीक पुस्तकं शोधत फिरली आणि ज्यांनी एकच जाडजूड आत्मचरित्र जीव लावून वाचलं ती मागे पडली. ते मला फार लागलं. तेव्हापासून मोजणी बंद आहे.

२. चरित्र, आत्मचरित्र, आत्मकथन, आठवणी... सगळं एकच ना?

एकच नाही, आणि फरक कळला की वाचायची नजरही बदलते. दुसऱ्यानं लिहिलं ते चरित्र. त्यात लेखकानं कागदपत्रं पाहिलेली असतात, माणसांना विचारलेलं असतं, आणि चरित्रनायकाला स्वतःविषयी जे माहीत नव्हतं तेही त्याला सांगता येतं. स्वतः लिहिलं ते आत्मचरित्र. यात आतलं मन मिळतं, पण सांगणारा एकच असतो.

आत्मकथन हा शब्द मराठीत विशेष करून दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) नंतर रुळला. दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातले लेखक आपली गोष्ट सांगू लागले तेव्हा ती एकट्याच्या पराक्रमाची राहिली नाही. 'मी' म्हणताना मागे अख्खी वस्ती उभी असते. लक्ष्मण माने यांचं 'उपरा', बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' ही याच वाटेवरची पुस्तकं. आठवणी म्हणजे आयुष्याचा एखादा तुकडा : तुरुंगातले दिवस, एखाद्याचा सहवास. सहा खान्यांत या चारही प्रकारांना सारखंच स्थान आहे.

३. मी कधीच चरित्र वाचलेलं नाही. पहिलं कोणतं घेऊ?

माझा आग्रह लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा असतो. १९३४ पासून भागाभागांनी आलेलं हे पुस्तक आजही शेजारच्या आजीनं ओट्यावर बसून सांगावं तसं वाचलं जातं. लक्ष्मीबाईंचं शिक्षण म्हणावं असं झालेलं नव्हतं. नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाला आणि संसार दुभंगला. एवढं दुःख असूनही त्या स्वतःची कीव करत नाहीत आणि कुणावर सूड उगवत नाहीत. वाक्यं लहान आहेत, प्रसंग लहान आहेत. रोज एक प्रसंग वाचलात तरी पुढे जाल.

विद्यार्थ्यांना अब्दुल कलामांचं 'अग्निपंख' सोपं जातं. पण शाळेत ते वाचून झालं असेल तर पुन्हा तेच घेऊ नका.

४. कपाटात ही पुस्तकं कशी शोधायची? लेखकाच्या नावानं सापडत नाहीत.

चरित्रं लावताना बऱ्याच वाचनालयांत ज्याचं आयुष्य आहे त्याचं नाव धरतात. धनंजय कीरांनी लिहिलेलं आंबेडकर चरित्र शोधायचं तर 'कीर' बघू नका, 'आंबेडकर' बघा. ड्यूई पद्धतीनं लावलेल्या वाचनालयात ९२० हा आकडा पाठीवर असलेली कपाटं गाठा. तरी सापडलं नाही तर टेबलावर विचारा. दाखल नोंदवहीत पुस्तक असेल तर ते कुणाकडे गेलंय हे लगेच सांगता येतं, आणि परत आलं की तुमच्यासाठी बाजूला ठेवता येतं.

५. डिसेंबर-जानेवारीत कापसाची वेचणी, पुढे लग्नसराई. वेळ कुठून आणायचा?

एका पुस्तकाला साधारण चार आठवडे मिळतात. तीनशे पानांचं पुस्तक रोज दहा-बारा पानं वाचली तरी त्यात बसतं. आमच्या अनुभवात दोन काळ चांगले. एक, जानेवारीतली रात्र, शेकोटी विझल्यावरची. दुसरा, एप्रिल-मे मधली दुपार. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की बारा ते चार बाहेर कुणी पडत नाही, आणि तेवढ्यात पन्नास पानं होतात. जाड पुस्तक त्या महिन्यांसाठी राखा. वेचणीच्या दिवसांत आठवणींची बारीक पुस्तकं घ्या.

६. 'श्यामची आई' आत्मचरित्र धरायचं की कादंबरी?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. साने गुरुजी म्हटलं की आपल्याकडे माणूस हळवा होतो, म्हणून नीट सांगतो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म कोकणातल्या पालगडचा, १८९९ सालचा. १९२४ साली ते अमळनेरला शिक्षक झाले. ती शाळा म्हणजे आजचं प्रताप हायस्कूल. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. 'श्यामची आई' बहुतांश १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं आणि १९३५ साली छापलं गेलं. त्यातली आई त्यांचीच, गाव पालगडच, बालपण त्यांचंच. पण सांगणारा 'श्याम' आहे. तो आश्रमातल्या सोबत्यांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे मजकूर आयुष्यातला आणि बांधणी कथेची.

आम्ही ते 'तुमच्या मनाचं' या खान्यात धरतो. खान्देशाच्या खान्यात धरत नाही, कारण गोष्ट कोकणातली आहे. खान्देशातले गुरुजी हवे असतील तर त्यांच्यावर लिहिलेलं चरित्र घ्या. अमळनेरचं वसतिगृह, तिथली तत्त्वज्ञान मंदिराची वास्तू, १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी गावोगाव केलेली पायपीट, सगळं त्यात येतं. दोन्ही पुस्तकं वाचलीत तर पाचवा खानाही भरतो. आईनं घडवलेला श्याम आणि मुलांची आई झालेला शिक्षक एकामागोमाग वाचताना एक गोष्ट लक्षात येते : वसतिगृहात आजारी मुलाच्या उशाशी बसणारा माणूस पालगडच्या त्या घरातूनच आला होता.

७. मग 'कोसला' चालेल का? 'मृत्युंजय', 'स्वामी' या तर खऱ्या माणसांवरच आहेत.

ही तिन्ही पुस्तकं कादंबऱ्या आहेत, इथे धरत नाही. 'कोसला'बद्दल आपल्या भागात वाद होतो, कारण भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे आणि नायकाचं आडनावही सांगवीकर. वाचताना गावातली माणसं ओळखीची वाटतात. तरी १९६३ साली ती कादंबरी म्हणूनच आली. पांडुरंग सांगवीकरनं जे केलं ते लेखकानं केलं असं मानणं दोघांवरही अन्याय आहे.

'मृत्युंजय'चा कर्ण महाभारतातला. 'स्वामी'तले माधवराव पेशवे इतिहासातले, पण त्यांच्या तोंडचे संवाद रणजित देसाईंनी रचलेले आहेत. एक साधी कसोटी लावा. बंद खोलीत दोन माणसं काय बोलली हे शब्दाशब्दांत लिहिलंय आणि लेखक तिथे नव्हता, पत्रही नाही, साक्षीदारही नाही, तर ती कादंबरी. मात्र स्वतःच्या आठवणीतला संवाद लिहिणाऱ्याला ही कसोटी लावू नका. त्याचं वेगळं आहे, प्रश्न १० पाहा.

८. बहिणाबाईंचं आत्मचरित्र मिळेल का? यादीत 'बहिणाबाई' नाव दिसलं पण पुस्तक वेगळंच निघालं.

दोन बहिणाबाईंची गल्लत होते. आपल्या बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या लेक, जळगावच्या सून. जन्म १८८०, मृत्यू ३ डिसेंबर १९५१. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गात गेल्या आणि घरच्यांनी ते कागदावर उतरवलं. त्यांच्या पश्चात मुलानं, कवी सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली संग्रह आला. त्यांनी आत्मचरित्र लिहिलेलं नाही. पण तरुणपणी आलेलं वैधव्य, शेत, माहेरची वाट, सगळं कवितेत आहे. कविता आणि त्यांच्यावरचं एखादं चरित्र जोडीनं वाचलंत तर खान्देशाचा खाना भरला असं आम्ही धरतो. केवळ कवितासंग्रह धरत नाही. यावर काही सभासद रागावतात. त्यांचं प्रेम मला कळतं, पण हा उपक्रम जीवनकथांचा आहे.

दुसऱ्या संत बहिणाबाई, सतराव्या शतकातल्या, वैजापूरकडच्या शिऊरच्या. तुकारामांना गुरू मानणाऱ्या या बाईनं अभंगांतून स्वतःची कथा सांगितली आहे : लहानपणी मोठ्या वयाच्या पुरुषाशी झालेलं लग्न, वासराचा लळा, नवऱ्याचा मार, स्वप्नात दिसलेले तुकोबा. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं 'माझं असं असं झालं' म्हणून सांगितलं, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. दुसऱ्या खान्यात हे अभंग आनंदानं धरू. मागच्या जन्मांविषयी त्या जे सांगतात त्याचं काय करायचं, ते प्रश्न १३ मध्ये.

९. खान्देशाच्या खान्यात आणखी काय वाचता येईल?

बालकवींपासून सुरुवात करा. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म धरणगावचा, १८९० सालचा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, त्यात या सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला, अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. भुसावळ-जळगाव रोज ये-जा करणाऱ्यांच्या खिडकीतून ते स्टेशन जातं. 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी त्यांना आईच्या मायेनं रंगवलंय, म्हणजे प्रश्न ३ मधलं पुस्तक इथेही उपयोगी पडतं.

धुळ्याच्या तुरुंगावरही वाचण्यासारखं आहे. १९३२ साली विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. विनोबांच्या आणि गुरुजींच्या, दोघांच्याही चरित्रांत तो तुरुंग येतो. ती दोन वर्णनं शेजारी ठेवून वाचा.

नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ रोजी चार सोबत्यांसह गोळीबारात गेला. त्याच्यावरची पुस्तकं छोटी आहेत, मुलांना द्यायला चांगली. चाळीसगावचे कलावंत केकी मूस यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घराबाहेर पाऊल न टाकता फोटो काढले, त्यांच्यावरचं लेखन मिळालं तर सोडू नका. सातपुड्यात इंग्रजांशी लढलेल्या खाज्या नाईकांवरही वाचा.

जुनं, छापून संपलेलं काही हवं असेल तर धुळ्याला जा. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या दोन ठिकाणी असं धन आहे जे आमच्या कपाटात कधीच येणार नाही. तिथे बसून वाचलेलंही नोंदवहीत धरतो.

१०. दोन पुस्तकांत एकच प्रसंग वेगवेगळा सांगितलाय. खरं कुणाचं?

हा प्रश्न ज्याला पडला त्याचं वाचन सुरू झालं असं मी मानतो. पाचवा खाना याच्यासाठीच ठेवला आहे.

१४ एप्रिल १९४४ ला आपल्या धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची गाडी अडवून साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम चळवळीसाठी नेली गेली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे लोक होते आणि खान्देशातले भूमिगत कार्यकर्तेही होते. आता विचार करा. गाडी अडवणारा, वाटेवर पहारा देणारा, नंतर आसरा देणारा, या प्रत्येकानं तो दिवस आपण जिथे उभे होतो तिथून पाहिला. कुणी दहा वर्षांनी सांगितलं, कुणी चाळीस वर्षांनी. सांगण्यात फरक पडणारच, त्यासाठी कुणी खोटं बोलायला हवं असं नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. कॉलेजात असताना एका आत्मचरित्रातला एक प्रसंग मी गावच्या कार्यक्रमात अगदी ठासून सांगितला. खाली उतरल्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी मला बाजूला घेतलं, हात धरून म्हणाले, "भाऊ, मी तठेच व्हतो. तसं नव्हतं झालं." त्यांनी जे सांगितलं ते पुस्तकात कुठेच नव्हतं. त्यांचं बरोबर की पुस्तकाचं, मला आजही सांगता येणार नाही. पण तेव्हापासून आत्मचरित्र वाचताना मी एक प्रश्न मनाशी ठेवतो : इथे आणखी कोण हजर होतं, आणि त्याला कुणी विचारलं का?

जोडीनं वाचायला घरातली दोन माणसं सगळ्यात उत्तम. धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' (१९१५) वाचा आणि मग त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचं 'माझे पुराण' (१९४४). नवरा संस्था उभारतोय आणि बायको त्याच काळात घर कसं चालवतेय, हे त्याच्या पुस्तकातून कळत नाही. तिच्या पुस्तकातून कळतं. नोंदवहीत 'खरं कोण' याचा निकाल लावू नका, फरक कुठे पडला तेवढं लिहा.

११. आत्मकथनांत शिव्या आहेत, मारहाण आहे. नववीतल्या मुलाला द्यावं का?

द्या, पण आधी तुम्ही वाचा. शिव्या सजावटीला घातलेल्या नाहीत. लेखक ज्या वस्तीत वाढला तिथे तो त्याच ऐकत वाढला. जे दुसऱ्या मुलानं आठव्या वर्षी सोसलं ते आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला वाचायलाही झेपणार नाही, असं मला वाटत नाही. मात्र काही पुस्तकांत लैंगिक अत्याचाराचे प्रसंग आहेत, ती आम्ही अठरा वर्षांखालच्या सभासदाला पालकांशी बोलल्याशिवाय देत नाही. आनंद यादवांचं 'झोंबी' त्या वयाला चांगलं. शिकण्यासाठी बापाशी झगडणारा शेतकऱ्याचा मुलगा त्यांना लगेच आपला वाटतो.

१२. फार त्रास झाला, अर्ध्यात ठेवलं. खाना रिकामाच राहणार का?

नाही. कुठपर्यंत वाचलं आणि का थांबलात, एवढं प्रामाणिकपणे लिहा, खाना भरला. कंटाळा आला म्हणून सोडलं असेल तर मात्र दुसरं पुस्तक घ्या.

गेल्या वर्षी एका ताईंनी बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' तीनदा नेलं आणि तीनदा परत केलं. चौथ्यांदा वाचून संपवलं. बेबीताईंनी ते घरच्यांपासून लपवून लिहिलं होतं, हे मी सांगितलं तेव्हा त्या टेबलापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी पण लपवूनच वाचत होते."

१३. संतचरित्रात चमत्कार असतात. ते चरित्र धरायचं का?

धरतो. महिपतींचा 'भक्तविजय' अठराव्या शतकातला. तेव्हा चरित्र लिहायचं ते भक्ती वाढावी म्हणून, आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. चमत्कार खरा की खोटा यात अडकू नका. लोकांना तो सांगावासा का वाटला, याचा विचार करा.

पण संतांचं चरित्र म्हणजे चमत्कारच, अशी समजूतही नको. महानुभावांचं 'लीळाचरित्र' तेराव्या शतकातलं. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांना विचारून गोळा केल्या. मराठीतलं हे पहिलं मोठं गद्य चरित्र मानलं जातं. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले, इतकं बारीक त्यात आहे. भाषा जुनी आहे म्हणून अर्थासह छापलेली प्रत घ्या.

१४. पुढाऱ्यांचे गौरवग्रंथ चालतील का? आणि 'शब्दांकन' लिहिलेली पुस्तकं?

षष्ट्यब्दीला किंवा अमृतमहोत्सवाला निघालेला गौरवग्रंथ चालत नाही. त्यात नुसतं चांगलंच लिहिलेलं असतं आणि त्यावर विचार करायला वाव नसतो. शब्दांकन चालतं. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं लिहिलं, यात कमीपणा काही नाही. नोंदवहीत दोघांचीही नावं लिहा. ज्याला लिहायला वेळ नाही, अक्षरओळख नाही, त्याचं आयुष्य पुस्तकात यायचं तर हाच रस्ता असतो.

१५. खंड असतील तर?

एक खंड म्हणजे एक पुस्तक. चांगदेव खैरमोड्यांचं आंबेडकर चरित्र बारा खंडांचं आहे, ते सगळं कुणी साडेपाच महिन्यांत वाचावं अशी अपेक्षा नाही. मधलाच खंड उचलला तरी हरकत नाही. पण एकाच माणसाचे खंड दोनपेक्षा जास्त खान्यांत नकोत.

१६. अहिराणीमा लिखेल आठवणी चालतीन का?

चालतीन, आन् नोंदबी अहिराणीमाच लिखा. तावडी, लेवा बोली, भिली, पावरी, गुजर बोली, सगळं चालेल. हिंदी आणि इंग्रजीही चालतं. बोलीतलं पुस्तक दुसऱ्या कुणाला माहीत नसेल तर आम्हाला सांगा, वाचनालयासाठी प्रत घ्यायचा प्रयत्न करू.

१७. ऐकलेलं पुस्तक, मोबाइलवरचं पुस्तक, सिनेमा?

मोबाइलवरचं चालतं. ऐकलेलंही चालतं, नजर कमी झालेल्या कितीतरी ज्येष्ठांचा उपक्रम त्यावरच चाललाय. नातवानं वाचून दाखवलं तर दोघांच्याही वहीत धरा. सिनेमा नाही. अत्र्यांच्या 'श्यामची आई' चित्रपटाला १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, तो जरूर बघा. पण वाचनाच्या जागी तो चालणार नाही.

१८. 'गणगोत', 'व्यक्ती आणि वल्ली' अशी व्यक्तिचित्रं?

पुलंची दोन्ही पुस्तकं, तरी उत्तर वेगवेगळं. 'गणगोत'मधली माणसं खरी, म्हणून ते चालतं. 'व्यक्ती आणि वल्ली'मधली कल्पनेतून उभी राहिलेली, म्हणून नाही. नारायण आपल्या प्रत्येक लग्नात भेटतो हे खरं असलं तरी.

१९. आमच्या आजोबांची हाताने लिहिलेली वही आहे. ती वाचली तर?

तुमच्या मनाच्या खान्यात धरू, आणि मनापासून धरू. एका सभासदानं आजोबांची अशी वही आणली होती. लाल बांधणी, मागच्या पानांवर कापसाच्या वजनांचा आणि उसनवारीचा हिशेब, आणि मध्येच १९७२ च्या दुष्काळातली चार पानं. खडी फोडायच्या कामावर किती मजुरी मिळाली, सुकडी कशी लागली, कुठली बैलजोडी विकली. शाई काही ठिकाणी पाण्यानं पसरलेली. ती चार पानं मी टेबलावरच वाचली आणि त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही.

अशी वही आम्हाला देऊन टाकू नका. पानांचे फोटो काढून ठेवा, मूळ वही सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत वही ओल धरते. वही नसेल आणि आजी-आजोबा असतील तर मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. फक्त त्यात दुसऱ्या घरांची भांडणं, नावं आली असतील तर नोंदवहीत ती लिहू नका.

२०. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणाऱ्या मुलींना पुस्तक मिळतं का? त्या इथल्या सभासद नाहीत.

घरातल्या कुणाच्याही कार्डावर नेता येतं. आखाजीच्या आठवड्यात कार्डावर एक जादा पुस्तक देतो, परतीची मुदत नेहमीचीच. सासरी सोबत नेऊ नका. तिकडच्या वाचनालयात तेच पुस्तक मिळालं तर पुढचं तिथे वाचा, नोंद इथे पाठवा.

२१. पुस्तकात खुणा केलेल्या चालतात का?

नाही. पेन्सिलीच्याही नाही. कागदाची पट्टी घाला आणि पान क्रमांक वहीत लिहा.

२२. नोंदवहीत एका पानात काय लिहायचं? 'पुस्तक छान आहे' याच्या पुढे सरकत नाही.

गोष्ट सांगू नका, ती पुस्तकात आहेच. एक प्रसंग निवडा आणि तो का लक्षात राहिला ते लिहा. लेखकानं कशाबद्दल बोलायचं टाळलंय असं वाटलं, ते लिहा. कुणी वडिलांबद्दल तीस पानं आणि बायकोबद्दल तीन ओळी लिहिल्या असतील तर तेवढंही पुरेसं आहे. प्रश्न १० मधला प्रश्न, आणखी कोण हजर होतं, तोही विचारा. आपल्या घरातलं काही आठवलं तर तेही लिहा. शुद्धलेखन तपासलं जात नाही.

२३. वह्या कधी द्यायच्या आणि परत मिळतात का?

५ जूनपर्यंत टेबलावर द्या. ११ जूनला संध्याकाळी सगळ्या वह्या वाचनकक्षात मांडतो. ज्यांना आपली नोंद वाचून दाखवायची असेल त्यांनी आदल्या दिवशी नाव द्यावं, प्रत्येकाला पाच मिनिटं. कुणी वाचू नये असं एखादं पान असेल तर ते दुमडून टाचणी लावा, आम्ही उघडत नाही. वही दुसऱ्या दिवसापासून परत मिळते. सभासद कार्ड सोबत आणा.